साठ पावलं आणि साठ अंशांचं वळण: संमिश्र संख्यांच्या घातांचं एक गणित, खळ्यात सोडवलेलं

आधी गणित वाचून घ्या.

एक मुलगी एका खुणेपासून चालायला लागते. सरळ १ पाऊल टाकते आणि जागच्या जागी डावीकडे ६० अंशांत वळते. मग २ पावलं, पुन्हा डावीकडे ६० अंश. मग ३ पावलं, पुन्हा तेच. असं करत शेवटच्या खेपेला ती ६० पावलं चालते आणि थांबते. मूळ खुणेपासून ती सरळ रेषेत किती पावलं लांब आहे?

चाळीसगाव तालुक्यातल्या आमच्या गावी रविवारी सकाळी ऑलिंपियाडची तयारी करणारी सात-आठ पोरं आमच्या खळ्यात जमतात. संमिश्र संख्या शिकवायला घेतल्या की मी हे गणित देतो. बहुतेक जण पहिल्यांदा पट्टी काढून चित्र काढायला लागतात. एका पावलाला एक सेंटिमीटर धरलं तर दहा-बारा रेषांत वहीचं पान संपतं, आणि अजून जवळजवळ पन्नास रेषा उरलेल्या असतात. मग कुणीतरी विचारतंच, "सर, पण यात आय कुठंय?"

आय, म्हणजे i, संमिश्र संख्यांमधलं −१ चं वर्गमूळ, इथे कुठेच लिहिलेला नाही, म्हणून तर हे गणित मला आवडतं. "(१ + आय)^२० काढा" असं थेट विचारलं की मुलं सूत्र शोधतात. इथे सूत्र शोधायला जागाच नाही. एकूण १८३० पावलांची ही चाल आहे, आणि ती उलगडायला एकच गोष्ट डोक्यात पक्की हवी: संमिश्र संख्येचा घात करणं म्हणजे वळत राहणं, आणि ठरावीक कोनात वळत राहिलेला माणूस फिरून पहिल्या दिशेला तोंड करतो. ते कितव्या वळणाला होतं हे आधी शोधायचं. बाकीचा हिशोब नंतर.

लिहिण्याची रीत सांगून ठेवतो. घातासाठी ^ ही खूण वापरली आहे, म्हणजे आय^२ हा आयचा वर्ग. वळणाच्या संख्येला मी "व" म्हणेन. पुस्तकात दुसरी अक्षरं असतील, त्याने काही बिघडत नाही.

आय म्हणजे काय, ते पायांनी

संख्यारेषेवर ३ ला −१ ने गुणलं की −३ मिळतो. रेषेवर पूर्वेकडे तोंड करून उभा असलेला माणूस पश्चिमेकडे तोंड करतो, म्हणजे १८० अंशांत वळतो. आता असं काय करावं की जे दोनदा केल्यावर माणूस पाठमोरा होईल? एकदा काटकोनात डावीकडे वळ, पुन्हा एकदा काटकोनात डावीकडे वळ, झालं. या काटकोनी वळणाचं नाव आय. दोनदा आय म्हणजे −१, म्हणून आय^२ = −१. यात गूढ काही नाही. फक्त ते वळण घ्यायला रेषा सोडून बाजूच्या शेतात उतरावं लागतं.

इथे मी मुलांना पाटणादेवीचं नाव घेऊन थोडं थांबवतो. आमच्या चाळीसगावजवळच्या पाटणला शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद त्या लेखात आहे. त्याच भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या ग्रंथात स्वच्छ सांगितलं आहे की ऋण संख्येला वर्गमूळ नसतं, कारण ती कुणाचा वर्गच नसते. एका मुलाने एकदा विचारलं होतं, "म्हणजे ते चुकले?" नाही रे बाबा. रेषेवर उभं राहून बघितलं तर त्यांचं म्हणणं आजही शंभर टक्के बरोबर आहे. आपण रेषेवरून खाली उतरलो, एवढंच.

आणि उतरण्याची ही कल्पना ज्या माणसाने पहिल्यांदा नीट मांडली, तो होता जमिनीची मोजणी करणारा. कॅस्पर वेसेल त्याचं नाव. त्याचा निबंध १७९७ मध्ये डॅनिश अकादमीपुढे मांडला गेला, तो १७९९ मध्ये छापून आला, आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षं त्याकडे कुणी फारसं पाहिलंच नाही. मोजणीदाराला दिशा आणि अंतर यांची बेरीज रोज करावी लागते. त्याला हे सुचावं यात मला नवल वाटत नाही.

पहिली पायरी: वळणाला संख्या द्या

काटकोनाला आय, मग ६० अंशांना काय? मुलगी पूर्वेकडे तोंड करून उभी आहे असं धरा. ६० अंश डावीकडे वळून तिने एक पाऊल टाकलं, तर ती पूर्वेकडे अर्धं पाऊल सरकेल आणि उत्तरेकडे √३/२ पाऊल. हे ६० अंशांचे कोसाइन आणि साइन. म्हणून

व = १/२ + (√३/२) आय

आता पुढे लगेच डी मॉयव्हरचं सूत्र लावून व^न म्हणजे ६०न अंशांचं कोसाइन अधिक आय गुणिले साइन, असं लिहिता येतं. बरोबरच आहे ते. पण स्पर्धेच्या गणितात मी मुलांना आधी एक हाताने केलेला गुणाकार करायला लावतो, कारण त्यातून जे हाती लागतं ते कोसाइनच्या कोष्टकात लपून राहतं:

व^२ = १/४ − ३/४ + २ × (१/२) × (√३/२) आय = −१/२ + (√३/२) आय

नीट बघा. हा आकडा म्हणजे मूळ व, फक्त १ ने कमी. म्हणजे

व^२ = व − १

ही एक ओळ हाती आली की √३ ची कटकट संपली. आता व ने पुन्हा गुणा: व^३ = व^२ − व. आणि व^२ − व म्हणजे तर −१. झालं:

व^३ = −१, म्हणून व^६ = १

तीन वळणं म्हणजे पाठमोरी, सहा वळणं म्हणजे पुन्हा पूर्वेकडे. फेरा सहाचा आहे. इथून पुढे कितीही मोठा घात आला तरी सहाने भागायचं आणि बाकी बघायची. व^२०२५ काढायचा असेल तर २०२५ = ६ × ३३७ + ३, बाकी ३, उत्तर −१. परीक्षेत वर्षाचा आकडा घातात टाकून मुलांना घाबरवायची पद्धत आहे. घाबरायचं कारण नाही.

या पायरीतून आणखी एक गोष्ट खिशात ठेवा. १ + व + व^२ + व^३ + व^४ + व^५ ही बेरीज शून्य आहे. तिला (१ − व) ने गुणलं की मधली सगळी पदं कटतात आणि १ − व^६ उरतं, ते शून्य, आणि १ − व तर शून्य नाही. पण हे न लिहिताही दिसतं: एकेक पाऊल टाकत सहा वेळा वळलं की षटकोन पुरा होतो आणि माणूस घरी येतो.

दुसरी पायरी: चाल मांडा

पहिलं पाऊल पूर्वेकडे. दुसऱ्या खेपेची दोन पावलं व या दिशेला. तिसऱ्या खेपेची तीन पावलं व^२ या दिशेला. साठाव्या खेपेपर्यंत एकोणसाठ वळणं झालेली असतात. म्हणून शेवटची जागा, तिला "द" म्हणू:

द = १ + २व + ३व^२ + ४व^३ + … + ६०व^५९

इथे हमखास एक चूक होते. मुलं पहिलंच पद व धरतात आणि शेवटचं ६०व^६० लिहितात. पहिल्या पावलाआधी वळण नाही, म्हणून घात नेहमी पावलांच्या आकड्याहून एकाने कमी. या गणितात अंतर विचारलंय म्हणून ही चूक पचते, कारण सगळं चित्र एका वळणाने फिरतं आणि अंतर तेच राहतं. "कोणत्या दिशेला" असं विचारलं असतं तर मात्र पचली नसती.

तिसरी पायरी: गुणा, सरकवा, वजा करा

गुणोत्तर श्रेढीची बेरीज करताना दहावी-अकरावीत जी युक्ती वापरता तीच इथे आहे. द ला व ने गुणा:

व × द = व + २व^२ + ३व^३ + … + ५९व^५९ + ६०व^६०

वरच्या द मधून हे वजा करा. प्रत्येक घातापुढचा गुणक एकाने मोठा होता, म्हणून प्रत्येकाचा एकेकच उरतो:

द × (१ − व) = (१ + व + व^२ + … + व^५९) − ६०व^६०

कंसात साठ पदं आहेत. सहाचे दहा गट, प्रत्येक गट शून्य. कंस गेला. आणि व^६० = १, कारण ६० ला ६ ने भाग जातो. म्हणून

द × (१ − व) = −६०, म्हणजेच द = ६० / (व − १)

आता व − १ म्हणजे काय, ते पहिल्या पायरीतच मिळालं होतं: व^२. त्याची लांबी, म्हणजे मॉड्युलस, १ आहे, कारण वळल्याने पाऊल लांब होत नाही. म्हणून द ची लांबी ६०.

उत्तर: ६० पावलं. १८३० पावलं चालून ती निघाल्या जागेपासून नेमकी ६० पावलांवर उभी आहे.

दुसरी वाट, मला जास्त आवडणारी

वरची रीत पक्की आहे, पण ती करताना काय घडतंय ते दिसत नाही. म्हणून दुसऱ्यांदा सोडवू, फक्त पहिल्या सहा खेपांपुरतं.

पहिल्या खेपेची दिशा आणि चौथ्या खेपेची दिशा एकमेकींच्या नेमक्या उलट आहेत, कारण व^३ = −१. एक पाऊल पुढे गेली, चार मागे आली: निव्वळ ३ मागे. दुसरी आणि पाचवी खेपही तशीच: २ गेली, ५ परत, निव्वळ ३ उलट. तिसरी आणि सहावी: ३ गेली, ६ परत, पुन्हा ३ उलट. सगळं मिळून

−३ × (१ + व + व^२)

आणि व^२ च्या जागी व − १ घातलं की कंसात उरतं २व. म्हणजे सहा खेपांनंतर ती −६व या जागी आहे. लांबी ६.

आता पुढच्या सहा खेपा: ७, ८, ९, १०, ११, १२ पावलं. प्रत्येक खेप पहिल्या फेऱ्यातल्या खेपेपेक्षा ६ ने मोठी. हे जादाचे सहा-सहा प्रत्येक दिशेला सारखेच आहेत, म्हणजे तो नुसता षटकोन, बेरीज शून्य. उरतं तेच जुनं −६व. प्रत्येक फेऱ्याला ती त्याच दिशेला बरोबर सहा पावलं सरकते! फेरे मोठे मोठे होत जातात, पण सरकणं तेवढंच. दहा फेरे, साठ पावलं.

फळ्यावर हे मांडलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, हे तर घाण्याच्या बैलाला कुणी रोज सहा पावलं सरकवल्यासारखं झालं." मला याहून चांगली उपमा सुचलेली नाही.

ताळा: पऱ्हाटीच्या काड्या आणि फक्की

उत्तर आलं की ताळा करायचा. साठ खेपांचा ताळा खळ्यात मावणार नाही, पण सहा खेपांचा मावतो, आणि वरच्या गटांमुळे सहांचा जुळला की साठांचा जुळलाच.

कापूस वेचून झाल्यावर आमच्याकडे पऱ्हाट्यांचा ढीग पडलेला असतोच. तीन सारख्या लांबीच्या पऱ्हाट्या घेऊन सुतळीने त्रिकोण बांधला की ६० अंशांचा कोन फुकटात तयार. सुरुवातीच्या खुणेला फक्की टाकली आणि वर्गातल्या एका मुलीला चालायला लावलं. पावलं मोठी-लहान पडू नयेत म्हणून ती टाचेला अंगठा लावत चालत होती. १, २, ३, ४, ५, ६, प्रत्येक खेपेनंतर त्रिकोण ठेवायचा, वळायचं. ओट्यावर बसलेल्या माझ्या आजीने दोनदा विचारलं, "हाई पोर काय करी राहिनी?"

संपलं तेव्हा खुणेपर्यंतचं अंतर मोजलं. साडेतीन पावलं. साडेतीनला किंचित कमीच.

सगळ्यांचे चेहरे उतरले. गणित चुकलं की पावलं? मी काही बोललो नाही, तिला पहिली दोन वळणं पुन्हा घ्यायला सांगितलं. तेव्हा दिसलं. ज्या रेषेवरून चालत आली त्याच मागच्या रेषेवर ती त्रिकोणाची एक बाजू ठेवत होती आणि दुसऱ्या बाजूने निघत होती. म्हणजे मागची रेषा आणि पुढची रेषा यांच्यामधला कोन ६० अंश झाला, आणि ती स्वतः वळली १२० अंश!

हीच चूक कागदावरही होते. "षटकोन नाही, त्रिकोण काढतोय आपण" हे लक्षातच येत नाही. १२० अंशांचं वळण म्हणजे एककाचं, म्हणजे १ चं, घनमूळ, ज्याला आपण ओमेगा म्हणतो. त्याचा फेरा तीनचा. सहालाही तीनने भाग जातो, म्हणून सूत्र तेच: अंतर = ६ भागिले (ओमेगा − १) ची लांबी. ओमेगापासून १ पर्यंतचं अंतर √३ आहे, कारण ती वर्तुळात काढलेल्या समभुज त्रिकोणाची बाजू. ६/√३ = २√३ = ३.४६. तिची साडेतीनला किंचित कमी पावलं अगदी बरोबर होती, फक्त ती दुसऱ्याच गणिताचं उत्तर होती. पोरगी खूश झाली. चुकूनही सूत्र सिद्ध होतं म्हणाली.

मग त्रिकोण पुढे वाढवलेल्या रेषेवर ठेवायचा, असं ठरवून पुन्हा चालली. या वेळी सहा पावलं, बोटभर कमी. आणि जागाही जिथे यायला हवी तिथेच: −६व म्हणजे सुरुवातीच्या दिशेच्या ३ पावलं मागे आणि उजव्या हाताला ३√३, म्हणजे पाच पावलांहून थोडं जास्त.

परीक्षेत या चुकीचा एक सुगावा लागतो. आयओक्यूएममध्ये, म्हणजे गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या चाळणी परीक्षेत, उत्तर ०० ते ९९ मधली पूर्ण संख्याच असते, ओएमआरवर दोन घरं भरायची. साठ खेपांना १२० अंश धरलेत तर उत्तर २०√३ येईल, ते कुठल्याच घरात बसत नाही. उत्तर घरात बसत नसेल तर गोळाबेरीज करून ३५ भरू नका, वळण तपासा.

पाऊल लांब होतं तेव्हा

आतापर्यंत व ची लांबी १ होती. सगळ्याच संख्या इतक्या शहाण्या नसतात. (१ + आय)^२० हे जुनंच गणित घ्या. कंस उघडून एकवीस पदं लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यातली एक-दोन उत्तरापर्यंत पोचलीसुद्धा. पण एकदाच वर्ग करा: (१ + आय)^२ = १ + २ आय − १ = २ आय. मग विसावा घात म्हणजे (२ आय)^१० = १०२४ × आय^१० = −१०२४. इथे प्रत्येक गुणाकाराने ४५ अंश वळायचं आणि सोबत √२ पट लांब व्हायचं, अशी दोन कामं एकदम चालतात. लांबी आणि वळण वेगळे करून दोन्हींचा हिशोब स्वतंत्र ठेवा.

याच सवयीचं आणखी एक गणित: झ^९७ बरोबर झ चा कॉन्ज्युगेट, अशा झ संख्या किती? कॉन्ज्युगेट म्हणजे आयचं चिन्ह उलटवलेली जोडीदार संख्या, आरशातली. आधी लांबी बघा. डावीकडे लांबीचा ९७ वा घात, उजवीकडे नुसती लांबी. म्हणून लांबी ० किंवा १. लांबी १ असेल तर कॉन्ज्युगेट म्हणजेच १/झ, तेव्हा झ^९८ = १, याची ९८ उत्तरं, वर्तुळावर समान अंतरावर बसलेली. आणि लांबी ० चं एक: स्वतः शून्य. एकूण ९९. मी स्वतः कॉलेजात असल्याच एका प्रश्नात शून्य विसरलो होतो. एका गुणाने गेलं आणि अजून सलतं, म्हणून प्रत्येक बॅचला हे सांगतो. दोन्ही बाजूंना झ ने भागायचा मोह झाला की आधी "झ शून्य असेल तर?" असं समासात लिहून टाका.

झ + १/झ दिलं असेल तेव्हा

हा प्रकार इतक्यांदा येतो की त्याची वेगळी तयारी हवी. समजा झ + १/झ = √३ आणि झ^१०० + १/झ^१०० विचारलंय. झ सोडवायला वर्गसमीकरणाकडे धावू नका. वर्ग करा:

झ^२ + १/झ^२ = ३ − २ = १

आता पहिल्या दोन्ही समीकरणांचा गुणाकार करा. (झ + १/झ)(झ^२ + १/झ^२) म्हणजे झ^३ + १/झ^३ अधिक झ + १/झ. डावीकडे √३ × १, म्हणून झ^३ + १/झ^३ = √३ − √३ = ०. हे शून्य म्हणजे लॉटरी. झ^३ = −१/झ^३, म्हणून झ^६ = −१, म्हणून झ^१२ = १. फेरा बाराचा. १०० ला १२ ने भागून बाकी ४. झ^४ + १/झ^४ म्हणजे वरच्या १ चा वर्ग वजा २, म्हणजे −१. उत्तर −१.

झ ची किंमत कुठेच काढली नाही. ती ३० अंशांच्या वळणाची आहे हे नंतर हवं तर बघा: १०० × ३० = ३००० अंश, त्यातून आठ पूर्ण फेरे म्हणजे २८८० वजा, उरले १२०, दोनदा कोसाइन १२० म्हणजे −१. ताळा जुळला.

फेरा मधेच तुटला तर

साठऐवजी बासष्ट खेपा असत्या तर? साठाला सहाने भाग जातो म्हणून सगळं गोड झालं. हा प्रश्न खळ्यात चाललेल्या त्याच मुलीने विचारला, आणि सूत्राला हात न लावता सोडवलाही.

साठ खेपांनंतर जागा −६०व. व^६० = १, म्हणजे तोंड पुन्हा पूर्वेकडे. एकसष्टावी खेप सरळ पूर्वेला: ६१. बासष्टावी व दिशेला: ६२व. बेरीज:

−६०व + ६१ + ६२व = ६१ + २व

आता ६१ + २व ची लांबी. व सुटा करायची गरज नाही. अ आणि ब वास्तव असतील तर अ + बव च्या लांबीचा वर्ग अ^२ + अब + ब^२ येतो. हे एकदा कोसाइनच्या नियमाने करून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, फार कामाला येतं. इथे ३७२१ + १२२ + ४ = ३८४७. अंतर √३८४७, म्हणजे बासष्टच्या अगदी जरासं वर.

"मग आठ खेपांचा ताळा खळ्यात होईल की, सर," ती म्हणाली. तेच करा: −६व + ७ + ८व = ७ + २व, वर्ग ४९ + १४ + ४ = ६७. आठचा वर्ग ६४, म्हणजे आठ पावलांहून थोडं जास्त. ऊन चढलं होतं, पण फक्की शिल्लक होती. सहाव्या खेपेच्या खुणेपासून ती पुढच्या दोन खेपा चालली, आम्ही सुतळी ताणली आणि तिच्याच पावलाने मोजली. आठ पावलं, आणि वर दोन-तीन बोटं.